छपरात कांडेचोरासारखं काहीतरी राहतंय (टूसॉन, ॲरिझोना)

रेवती_टूसॉन · २६ एप्रिल

मंडळी, नमस्कार. इथे अमेरिकेतले बरेच जण आहेत आणि रानात फिरणारेही आहेत, म्हणून विचारते. जरा सविस्तर लिहिते, म्हणजे नंतर उलटसुलट विचारावं लागणार नाही.

टूसॉनच्या उत्तरेला, कॅटलिना डोंगराच्या पायथ्याशी आमचं घर आहे. १९६०च्या सुमाराचं, बैठं. मागे मेस्काइटची दोन झाडं, फड्या निवडुंगाची जाळी आणि त्यापलीकडे फक्त पावसात वाहणारा कोरडा ओढा. छपरावर जुना स्वॅम्प कूलर (पाण्याने हवा गार करणारा) आहे. एसी बसवल्यापासून तो बंदच पडलाय, काढायचा राहून गेला. छत आणि छप्पर यांच्यामध्ये रांगत जाता येईल एवढी पोकळी आहे.

आई मार्चमध्ये गुहागरहून आली. ती आतल्या खोलीत झोपते. आल्यावर आठवड्याभरातच म्हणाली, "वर कोणीतरी राहतंय गं." मला वाटलं, जेटलॅगने झोप नाही, मग कान उगाच लागून राहतात. शेवटी मीही तिच्या शेजारी झोपले. रात्री साडेनऊच्या सुमाराला एकदा धप्प झालं, मग हलकी पावलं. उंदराची खुडबुड वेगळी असते, ही पाऊल टाकत चालल्यासारखी. कूलरच्या दिशेने गेली आणि थांबली. पहाटे पाचच्या आत तीच पावलं उलट दिशेने परत.

दुसरी गोष्ट म्हणजे हमिंगबर्डसाठी पागोळीला टांगलेला साखरपाण्याचा फीडर. संध्याकाळी भरला की सकाळी कोरडा. गळत असेल म्हणून नवा आणला, तोही कोरडा.

परवा रात्री आईने हाक न मारता माझा दंड धरून मला खिडकीशी नेलं. फीडरपाशी एक प्राणी होता. मागच्या दोन पायांनी वाशाला धरून डोकं खाली करून लोंबत होता आणि पुढच्या पंजांनी फीडर जवळ ओढून चाटत होता. मी टॉर्च लावला तरी पळाला नाही, नुसतं वळून पाहिलं. एवढे मोठे डोळे, भोवती पांढरी कडी, कान उभे, तोंड कोल्ह्यासारखं निमुळतं. अंग मांजरीपेक्षा बारीक, पिवळट राखी. आणि शेपटी! अंगाएवढीच लांब, फुललेली, काळे-पांढरे पट्टे. आई पट्टे मोजत होती, सातापर्यंत आली आणि तो भिंतीवरून पाल उतरते तसा डोकं खाली करून सरळ उतरून गेला. मांजर अशी उतरताना मी कधी पाहिलेली नाही.

आई म्हणते, हा इकडचा कांडेचोर. आमच्या गुहागरच्या घरी माळ्यावर कांडेचोर असायचा आणि आजी त्याला कोणाला हुसकू द्यायची नाही. पण कांडेचोर मी पाहिलाय, तो काळपट आणि चांगला अंगाने भरलेला असतो. त्याच्या शेपटीवर असे पट्टे नसतात.

एका पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावलं होतं. त्याने वर टॉर्च मारला आणि पाच मिनिटांत सांगितलं, पिंजरा लावतो, पकडतो, तीस मैलांवर नेऊन सोडतो. प्राणी कोणता ते त्यालाही सांगता आलं नाही. तीन दिवसांनी पिंजरा लावायचं ठरलंय. नवऱ्याचं म्हणणं लवकर उरकून टाकू, मुलगी सहा वर्षांची आहे. आई मात्र कालपासून नीट जेवलेली नाही. "ज्याचं घर कुठे आहे ते माहीत नाही, त्याला तीस मैल कशाला टाकायचं?" हेच धरून बसलीये.

हा आहे कोण? घरात राहू दिला तर धोका आहे का? आणि पिंजरा लावू की नको?

---

अजित_फीनिक्स · २६ एप्रिल

रेवती, पिंजरा आधी थांबव, बाकीचं मग वाच.

तुझ्या घरी आहे तो रिंगटेल. रकूनच्या कुळातला. रकून, कोआटी, किंकाजू हे सगळे त्याचे भाऊबंद. तू दिलेलं वर्णन इतकं चोख आहे की फोटोची गरज नाही: डोळ्यांभोवतीची पांढरी कडी आणि ती शेपटी. काळे आणि पांढरे पट्टे मिळून साधारण १४ ते १६ भरतात, म्हणजे तुझ्या आईंनी काळे मोजले असतील तर सात बरोबर आहे. पुढच्या वेळी नीट पाहा, काळे पट्टे शेपटीच्या खालच्या बाजूला एकमेकांना मिळत नाहीत, खालून पांढरी रेघ राहते. वजन जेमतेम किलोभर, फार तर दीड किलो. १९८६पासून हा ॲरिझोनाचा राज्यप्राणी आहे. जसा आपल्याकडे शेकरू, तसा इथे हा. शेकरू तरी दिवसा दिसतं. हा पूर्ण निशाचर, त्यामुळे इथे जन्मलेल्या माणसांनीही बहुधा पाहिलेला नसतो. तुमच्या पेस्ट कंट्रोलवाल्याला ओळखता आला नाही याचं मला नवल वाटत नाही.

पाल उतरते तसा उतरला म्हणालीस, त्याचं कारण मागच्या पायांत आहे. त्याचं मागचं पाऊल घोट्यातून १८० अंश फिरतं. उतरताना पंजे उलटे होतात, नख्या वरच्या दिशेने रुततात, आणि तो स्वतःच्या मागच्या पायांना लटकत खाली येतो. खारही असंच करते. कड्यांच्या अरुंद भेगांत तर तो एका भिंतीला पाठ लावतो, दुसरीला पाय, आणि असा सरकत वर चढतो. आपल्याकडे सह्याद्रीत चिमणी, म्हणजे कड्यातली उभी अरुंद भेग, चढताना आपण पाठ आणि पाय लावतो ना, अगदी तेच. मी पूर्वी पुण्याच्या एका गिर्यारोहण संस्थेत होतो. हे तंत्र शिकायला मला दोन मोसम लागले.

माझी आणि त्याची एकच भेट झाली, ग्रँड कॅनियनच्या तळाशी, ब्राइट एंजल कॅम्पग्राउंडवर. तिथे प्रत्येक तंबूच्या जागेवर अन्न ठेवायला लोखंडी पेट्या असतात. मी सगळं पेटीत ठेवलं, पण बॅगेच्या बाजूच्या खिशात शेंगदाण्याच्या चिक्कीचं पाकीट राहिलं. रात्री कसलातरी बारीक आवाज आला. बाहेर पाहतो तर बॅग खांबाला टांगलेली, तिच्यावर हा बसलेला, आणि एका हाताने चेन धरून ओढतोय. चेन उघडेना म्हटल्यावर कापड कुरतडायला लागला. मी उठलो तर चिक्की घेऊन दगडांमध्ये कसा शिरला ते कळलंसुद्धा नाही. एका हाताची बोटं आडवी धरावी एवढीच ती फट होती. सकाळी मला फाटलेल्या बॅगेचं काही वाटलं नाही. पंचवीस वर्षं या राज्यात राहून जे दिसलं नव्हतं ते तीन फुटांवरून दिसलं.

याचं जुनं नाव 'मायनर्स कॅट'. खाणकामगार आपल्या झोपड्यांत याला राहू द्यायचे, उंदीर मारायला. चुलीजवळ एक पेटी ठेवायची, त्याला जाता येईल एवढं भोक पाडायचं, दिवसभर तो आत झोपणार आणि रात्री शिकार करणार. म्हणजे तुझ्या आजीने माळ्यावरच्या कांडेचोराला ठेवलं तसंच.

---

मधुरा_नाशिक · २६ एप्रिल

वर्णन वाचून मला हा लेमूर वाटला, पट्ट्यांची शेपटी आणि मोठे डोळे. कोणी पाळलेला सुटला असेल का?

---

अजित_फीनिक्स · २६ एप्रिल

मधुराताई, हा रिंगटेल आणि तो रिंग-टेल्ड लेमूर, या नावांमुळे हा गोंधळ नेहमी होतो. लेमूर फक्त मादागास्करचा, आणि तो माकडांकडचा नातेवाईक. पट्टेवाल्या शेपटीचा लेमूर दिवसा हिंडतो. रेवतीकडचा अस्सल इथलाच आहे. नैऋत्य अमेरिकेपासून खाली मेक्सिकोत ओआहाकापर्यंत त्याचं राज्य.

---

संदीप_चॅन्डलर · २७ एप्रिल

माझं मत वेगळं आहे. प्राणी कितीही देखणा असला तरी घरात लहान मूल आहे. रेबीज, पिसवा, गोचीड, विष्ठा हे सगळं छतावर साठतं. आमच्या घरी छतात रकून शिरला होता, सगळं इन्सुलेशन (उष्णता अडवणारं अस्तर) उपसून बदलावं लागलं, वासाने महिनाभर जीव नकोसा झाला होता. भावनेत वाहून जाऊ नका. माणूस यायचा ठरलाय ना, मग काम होऊन जाऊ दे.

---

मृणाल_हिलकंट्री · २७ एप्रिल

रेवती, मी टेक्ससमध्ये हिल कंट्रीत राहते. नऊ वर्षं जखमी आणि पोरक्या वन्यप्राण्यांची शुश्रूषा करणाऱ्यांबरोबर स्वयंसेवक म्हणून काम करतेय. आमच्याकडे रिंगटेल दरवर्षी येतात, म्हणून मुद्दाम वेळ काढून लिहिते.

संदीपदादांची काळजी खोटी नाही, तिच्याकडे येते. पण आधी तारीख बघा. आज २७ एप्रिल आहे. रिंगटेलचं मीलन फेब्रुवारी ते मे या काळात, गर्भ ५१ ते ५४ दिवसांचा, पिल्लं साधारण एप्रिलअखेरीपासून जुलैपर्यंत. तुमच्याकडे आहे ती मादी असेल, तर ती आत्ता एकतर गाभण आहे किंवा वर इन्सुलेशनमध्ये पिल्लं आहेत. पिंजऱ्यात फक्त आई येते, पिल्लं येत नाहीत.

तीन वर्षांपूर्वी मेमध्ये एक बाई बुटांचा खोका घेऊन आल्या. त्यांच्या छपरातली मादी कोणीतरी पकडून दूर सोडली होती. चार दिवसांनी छतातून बारीक चिरकण्याचा आवाज यायला लागला, म्हणून त्यांनी पत्रा उचकटला. खोक्यात तीन पिल्लं होती, डोळे मिटलेली, अंगावर पांढरट लव, प्रत्येक माझ्या अंगठ्यापेक्षा थोडंच मोठं. दोन गार पडली होती. तिसरं मी ब्लाउजच्या आत छातीशी धरून उबेत आणलं, कारण गार पडलेल्या पिल्लाला दूध द्यायचं नसतं, पोटात ते पचत नाही. आधी ऊब, मग साखर-मिठाचं पाणी, मग दूध. दर दोन तासांनी एक थेंब, एक थेंब. त्याच्या शेपटीवर पट्टे अजून नीट उमटलेसुद्धा नव्हते, नुसती सावली होती. महिन्याभराने डोळे उघडले. ज्या दिवशी ते माझ्या बाहीवरून डोकं खाली करून उतरलं आणि त्याचा मागचा पंजा माझ्या मनगटावर उलटा वळला, त्या दिवशी मला खात्री पटली की हे जगणार. सप्टेंबरात सोडलं. बाकीच्या दोघांचं काही करता आलं नाही. पकडणाऱ्या माणसाने वाईट हेतूने काही केलं नव्हतं. त्याने फक्त महिना बघितला नाही.

आणि तीस मैलांचं म्हणाल तर तुमच्या आई अगदी बरोबर बोलल्या. एकटा राहणारा, स्वतःच्या हद्दीतली प्रत्येक भेग, प्रत्येक फळाचं झाड पाठ असलेला प्राणी दुसऱ्याच्या हद्दीत टाकला की त्याला लपायची जागा माहीत नसते. मोठी शिंगी घुबडं, बॉबकॅट, कायोटी हे सगळे त्याच्या मागावर असतातच. शिवाय असं पकडून हलवायला नियम आहेत. पिंजरा लावण्याआधी ॲरिझोना गेम अँड फिश या वन्यजीव खात्याला फोन करून विचाराच.

आता धोक्याचं. रेबीज कुठल्याही सस्तन प्राण्याला होऊ शकतो. तुमच्या राज्यात तो मुख्यतः वटवाघळं, स्कंक आणि कोल्हे यांच्यात फिरतो. रिंगटेल स्वतःहून माणसावर येत नाही, पण कोपऱ्यात अडकला तर चावतो, किंचाळतो आणि शेपटीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीतून घाण वासाचा स्राव सोडतो. मुलीला एकच सांगा: बघायचं खिडकीच्या आतून, हात लावायचा नाही. कुत्रा-मांजर असेल तर त्यांची रेबीजची लस झालेली हवी. दिवसा भर उन्हात झोकांड्या खात फिरताना दिसला, तरच घाबरायचं आणि फोन करायचा.

मला खरी भीती उंदरांच्या लेंड्यांची वाटते. १९९३मध्ये फोर कॉर्नर्स भागात, म्हणजे चार राज्यांच्या सीमा मिळतात तिथे, हंटाव्हायरसने माणसं गेली, तो डिअर माउस नावाच्या उंदराकडून आलेला. म्हणून छतात चढलात तर झाडू मारू नका आणि व्हॅक्यूमही लावू नका, धूळ उडते आणि छातीत जाते. एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी, फवारून चिंब भिजवायचं, थोडा वेळ थांबायचं, हातमोजे घालून ओल्या कागदाने उचलायचं, मास्क लावूनच. आणि तो वर राहतोय म्हणजे तुमचे उंदीर तो खातोय, हेही मोजा.

रकून आणि याच्यात एक फरक संदीपदादा, तुमच्यासाठी. रकून आठ-दहा किलोचा, उचकटून आत शिरतो. रिंगटेल आधीच असलेल्या फटीतून जातो. नुकसान करतच नाही असं नाही, इन्सुलेशन दाबून घर करतो, एका ठरावीक जागी विष्ठा टाकतो. पण रकूनच्या अनुभवावरून याला मोजू नका.

काय करायचं ते सांगते. आता काहीच बंद करायचं नाही. जुलैपर्यंत थांबा. मादी पिल्लं थोडी मोठी झाली की जागा बदलत राहते, ही त्यांची सवयच आहे, त्यामुळे बहुतेक वेळा ती आपणहून जाते. गेली असं वाटलं की फटीत वर्तमानपत्राचा सैल बोळा बसवा. चार-पाच रात्री तो जागचा हलला नाही, तर आत कोणी नाही. मग अर्ध्या इंची लोखंडी जाळी स्क्रूने पक्की करा. फोम भरू नका, फोम ते कुरतडतात. तुमची फट बहुतेक त्या बंद कूलरच्या डक्टभोवतीच (हवेच्या नळीभोवतीच) आहे. तुम्हीच लिहिलंय की पावलं कूलरकडे जातात.

फीडर रात्री आत घ्या. आणि कोणी केळं, पोळी काही ठेवू नका. माणसाच्या हातचं अन्न लागलं की तो दिवसेंदिवस धीट होतो, आणि धीट झालेल्या प्राण्यासाठीच लोक पिंजरे मागवतात. पाणी ठेवावं का असं विचाराल, तर त्याचीही फारशी गरज नाही. त्याची मूत्रपिंडं लघवी इतकी दाट करतात की शिकारीतून आणि फळांतून मिळणाऱ्या पाण्यावर त्याचं भागू शकतं.

---

रेवती_टूसॉन · २७ एप्रिल

मृणालताई, पिंजरा रद्द केला. नवऱ्याला तुमचं बुटांच्या खोक्याचं वाचून दाखवलं, त्याने स्वतः फोन करून नाही सांगितलं. आई केळं ठेवणारच होती आज. तिला समजावलं. फीडर आत घेतलाय.

---

अनंत_देवरूख · २९ एप्रिल

रेवतीच्या आईंना नमस्कार सांगा. त्यांनी कांडेचोर ओळखला यात चूक थोडी आणि खरेपण बरंच आहे.

कांडेचोर, कुठे त्याला उदमांजर म्हणतात, कुठे मसण्याउद, तो जवादी मांजरांच्या कुळातला. म्हणजे मांस खाणाऱ्या प्राण्यांच्या दोन मोठ्या फांद्यांपैकी मांजराच्या फांदीवरचा. रिंगटेल, 'मायनर्स कॅट' या जुन्या नावात कॅट असली तरी, कुत्रा-अस्वलांच्या फांदीवरचा. या दोघांचा एक पूर्वज शोधायला कोट्यवधी वर्षं मागे जावं लागेल. पण रानाने दोघांना काम एकच दिलं: रात्री निघायचं, झाडावर चढायचं, उंदीर, किडे, पाखराचं अंडं, पिकलेलं फळ जे मिळेल ते खायचं, आणि दिवसा फटीत, ढोलीत, नाहीतर माणसाच्या छपरात झोपायचं.

गोडाची ओढही दोघांना. आमच्याकडे माडी काढणाऱ्यांना विचारा. भेरली माडाला लावलेल्या मडक्यात रात्री कांडेचोर तोंड घालतो. इंग्रजांनी त्याला ताडी मांजर असं नावच दिलं. भेरली माडाची फळं खाऊन तो बिया दूर नेऊन टाकतो, माझ्या परड्याच्या कातळावर पावसाआधी त्याच्या विष्ठेतल्या बियांचा छोटा ढीग असतोच, आणि जुलैत त्यातून दोन पानं वर येतात. तुमच्याकडे हा साखरपाणी पितो, घायपाताच्या फुलांतला मधही चाटतो. कुठल्या दगडावर तुम्हाला काळपट, फळांच्या बियांनी भरलेल्या लेंड्या दिसल्या तर त्या फेकण्याआधी जरा बघा, फड्या निवडुंगाच्या बिया सापडतील.

रकूनच्या कुळातलं एकही जनावर भारतात रानात नाही. सिक्कीम-अरुणाचलातल्या तांबड्या पांडाला एके काळी त्याच कुळात धरत, आता त्याचं कूळ वेगळं मानतात. नवीन नातेवाईक मात्र अजून सापडतात. २०१३मध्ये कोलंबिया-इक्वाडोरच्या ढगाळ जंगलातला ओलिंगिटो नवी जात म्हणून जाहीर झाला. त्याआधी तसली एक मादी अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांत वर्षानुवर्षं होती. तिला दुसऱ्या जातीची समजून नरांबरोबर ठेवत आणि पिल्लं का होत नाहीत म्हणून विचारात पडत. रात्री हिंडणाऱ्या लहान जनावरांकडे आपण किती कमी बघतो ते यावरून कळावं.

---

कस्तुरी_कोयोआकान · २ मे

मी मेक्सिको सिटीत राहते. इथे याला काकोमिस्तले म्हणतात. नाव नावात्ल या इथल्या मूळ भाषेतलं, त्लाकोमिस्त्लि, म्हणजे 'अर्धा पूमा'. इथल्या मोठ्या विद्यापीठाच्या आवारात जुन्या लाव्ह्याचं रान राखून ठेवलंय, तिथे ते राहतात आणि अंधार पडला की इमारतींच्या कडेने, तारांवरून फिरतात. माझ्या शेजारच्या आजी सांगतात, त्यांच्या लहानपणी पत्र्यावर पावलं वाजली की घरातले म्हणायचे, "काही नाही, काकोमिस्तले आहे, झोप." रेवती, तुझ्या आईचं वाचलं तेव्हा त्याच आठवल्या.

---

रेवती_टूसॉन · १७ जून

तीन होती!

काल रात्री पावणेदहाला आईने पुन्हा माझा दंड धरला. मादी कूलरच्या झाकणावर आली, तोंडात एक पिल्लू, मानगुटीला धरलेलं. पट्टे स्पष्ट उमटलेले, पण शेपटी अजून बारीक, दोरीसारखी. भिंतीवरून उतरली, निवडुंगाच्या जाळीला वळसा घालून ओढ्याकडे गेली. दहा-बारा मिनिटांत परत आली. दुसरं नेलं. मग परत. तिसरं पिल्लू मोठं असावं, ते न्यायच्या आधी स्वतःच झाकणाच्या कडेला आलं आणि खाली बघत बसलं. शेजारच्या सग्वारो निवडुंगावर घुबड बोलत होतं. आईने माझा हात इतका घट्ट दाबला होता की सकाळी खूण दिसत होती. मादी आली, त्याला उचललं आणि गेली. मुलगी झोपेतून उठवली होती, तिने एक शब्द काढला नाही.

अजित दादा, शेपटीच्या खालची पांढरी रेघ दिसली. भिंतीवरून उतरताना शेपटी वर वळली तेव्हा.

---

संदीप_चॅन्डलर · १८ जून

रेवती, हे वाचून बरं वाटलं. मी पिंजरा लावा म्हणालो होतो. मला महिन्याचा विचार सुचलाच नव्हता.

---

रेवती_टूसॉन · ४ सप्टेंबर

उरलेलं सांगते. जुलैच्या पहिल्या आठवड्यात वर्तमानपत्राचा बोळा लावला. पहिल्याच रात्री तो बाहेर पडलेला! म्हणजे मादी अधूनमधून येत होती. थांबलो. पावसाळा सुरू झाला, इथले लोकही त्याला मॉन्सूनच म्हणतात, आईला त्याची फार गंमत वाटली. जुलैअखेर पुन्हा बोळा लावला, सहा रात्री तसाच. मग नवऱ्याने जाळी बसवली. डक्टभोवती माझी मूठ जाईल एवढी फट होती, दुसरी कुठेच नव्हती. वर चढून बघितलं तेव्हा इन्सुलेशनमध्ये परातीएवढा खोलगट खळगा होता आणि त्यात मेस्काइटच्या चार शेंगा. लेंड्या एकाच कोपऱ्यात. मृणालताईंच्या सांगण्याप्रमाणे भिजवून काढल्या, मास्क लावून. उंदरांच्या मात्र अगदीच थोड्या सापडल्या.

ऑगस्टमध्ये एका रात्री फीडर आत घ्यायला विसरले आणि सकाळी कोरडा. मी आनंदाने आईला सांगितलं, ती आली होती! पुढच्या रात्री जागून बसलो तर वटवाघळं निघाली, एकेक येऊन क्षणभर जीभ लावून जाणारी. शेजारीण म्हणाली, ऑगस्टपासून दर वर्षी येतात. एप्रिलमध्ये फीडर कोरडा झाला तर तो वटवाघळांनी नाही, हे मला आता पाठ झालं.

पण गेल्या आठवड्यात धुळीचं वादळ झालं आणि कूलरच्या झाकणावर पातळ थर बसला. सकाळी नवरा वर गेला तर त्यावर पावलं होती, गोल, रुपयाएवढी, प्रत्येकाला पाच बोटं. आईला शिडी चढू देणार नव्हतो. तिने फोनवर फोटो मोठा करून करून मोजली.

आईची परतीची फ्लाइट १४ तारखेला आहे. कूलर काढायला माणूस ऑक्टोबरमध्ये येणार. मृणालताई, त्याआधी काही बघायचं राहिलंय का?

---

मृणाल_हिलकंट्री · ५ सप्टेंबर

कूलरच्या आतही बघ, नुसत्या डक्टभोवती नको. जुन्या पॅडांच्या मागे ते दिवसा झोपतात. काढायच्या आधी चार रात्री कूलरच्या तोंडाला पुन्हा बोळा लाव आणि माणसाला सकाळी नको, दुपारी बोलाव, म्हणजे सकाळी तुला टॉर्च मारून बघायला वेळ मिळेल. आत असलीच तर त्या दिवशी काम करायचं नाही. आईंना माझा नमस्कार.